दिवसाला एक मिलिमीटर
आज ताईच्या पिल्लूला फिजिओथेरपीला मीच घेऊन गेले, तिला टाक्यांमुळे दीड महिन्यानंतरही नीट बसवत नाहीये. प्रेग्नन्सीत शुगर निघालेली, बाळ 4 किलोच्या वर, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, मग काय, नर्सनी पटकन तिचे पाय पोटाशी दुमडले, एकीने ओटीपोटावरून दाबलं, बाळ सुटलं पण मानेतल्या नसा ताणल्या गेल्या. एर्ब्स पाल्सी म्हणतात. उजवा हात नुसता लोंबतोय, तळवा मागे वळलेला.

आणि लोक ताईलाच विचारतात सिझेरियन का नाही केलं म्हणून! डोकं बाहेर आल्यावर कसलं डोंबलाचं सिझेरियन??

थेरपिस्ट म्हणाल्या नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, बऱ्याच बाळांचा हात सुधारतो, पण तीन महिन्यांपर्यंत कोपर वाकलं नाही तर सर्जनला दाखवायचं. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. मी इतके दिवस उलटंच करत होते.

येताना त्याच्या उजव्या मुठीत बोट दिलं तर गच्च धरलं पठ्ठ्याने. कोपर मात्र ढिम्म.