पॉइंट शूज घेण्याआधी घोट्याची तयारी

बॅले शिकणाऱ्या मुलींच्या आया हमखास विचारतात, ‘अकरा पूर्ण झाली, तीन वर्षं क्लास चालू आहे, आता पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचायचे बूट) घ्यायचे का?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहिते. वय आणि वर्षं मी नंतर बघते. आधी मुलीला अनवाणी एका पायावर टाच उचलायला सांगते.

पॉइंट शूज घोटा सांभाळतात हा मोठा गैरसमज आहे. पुढचा कडक बॉक्स बोटांना धरतो, तळव्याखालची कडक पट्टी, म्हणजे शँक, पावलाच्या कमानीला टेकू देते, रिबिनी बूट पायाला धरून ठेवतात. घोट्याचा तोल स्नायूंनाच राखावा लागतो. त्यातून टाच वर गेली की घोट्याच्या खोबणीत टॅलस हाडाचा मागचा अरुंद भाग येतो आणि सांधा जरा सैल पडतो. म्हणजे सगळ्यात जास्त आधार लागतो तो नेमका चवड्यावर चढता-उतरताना.

म्हणून पहिला व्यायाम साधाच: एका पायावर रेलव्हे, म्हणजे टाच उचलून चवड्यावर चढणं. पाऊल सरळ समोर, गुडघा ताठ, भिंतीला फक्त बोटं टेकलेली. दोन मोजत वर, तीन मोजत खाली. वजन अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मुळाशी हवं. दमल्यावर ते करंगळीकडे सरकतं आणि टाच आत वळते. यालाच सिकलिंग म्हणतात. घोटा मुरगळून बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध दुखावतात ते असेच. टाच वळली की मोजणं थांबवा, पुढचे रेलव्हे धरायचे नाहीत. प्रत्येक पायावर सलग 20 ते 25 स्वच्छ रेलव्हे जमायला हवेत. पंधराव्याला डगमगणारी मुलगी अजून तयार नाही, मग कमान कितीही सुंदर असो. हाच व्यायाम गुडघा किंचित वाकवूनही करा, म्हणजे पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, कामाला लागतो.

सिकलिंग रोखणारे स्नायू पायाच्या बाहेरच्या बाजूला असतात. त्यांच्यासाठी जमिनीवर बसून पाऊल पूर्ण ताणा, चवड्याला रबरी पट्टा असा अडकवा की तो पाऊल आत ओढेल, आणि त्याच्या विरुद्ध हळूहळू बाहेर न्या. 15 चे दोन सेट. इथे पाऊल ताणलेलंच राहिलं पाहिजे, आणि गुडघा फिरत असेल तर काम मांडी करतेय.

तळपायाचे छोटे स्नायू सगळे विसरतात. बोटं लांब ठेवून चवडा टाचेकडे ओढा, कमान उचलेल. पाच सेकंद धरा, दहा वेळा. बोटं आकसली तर भार अंगठ्याच्या लांब कंडरेवर जातो. ती आतल्या घोट्यामागून जाते, आणि तिथेच सूज येऊन दुखणं सुरू होतं. टॉवेल बोटांनी गोळा करण्याचा व्यायाम मला म्हणूनच फारसा पसंत नाही.

तोलासाठी एका पायावर 30 सेकंद, मग डोळे मिटून तेवढंच. ते जमल्यावर चवड्यावर 10 सेकंद. उशीवर उभं राहणं त्यानंतर.

हे आठवड्यातून तीन-चार दिवस, किमान 12 आठवडे. उंची झपाट्याने वाढत असेल तर तोल काही काळ बिघडतो. तेव्हा घाई नकोच. आणि कमान वाढवायला पाय सोफ्याखाली अडकवून दाबू नका. घोट्याच्या मागे चिमटा बसल्यासारखं दुखलं तर थांबून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

शेवटी विमानाची चाचणी: एका पायावर उभं राहून धड पुढे, दुसरा पाय मागे, हात बाजूला. उभ्या पायाचा गुडघा वाकवत हात जमिनीकडे न्यायचे. पाचपैकी चार वेळा गुडघा पावलाच्या रेषेत आणि कंबर सपाट राहिली, तर शिक्षिकेशी बुटांचं बोला.

सुरुवातीला पॉइंट शूज क्लासच्या शेवटी 10-15 मिनिटंच, दोन्ही हात बारवर (आधाराच्या आडव्या दांड्यावर), दोन्ही पायांवर. बूट मात्र वाढत्या अंगाचे घेऊ नका. सैल बॉक्समध्ये पाऊल खाली घसरतं आणि सगळं वजन अंगठ्याच्या टोकावर येतं.