नुमा प्रयोग, नोंद ४: आठ जीबी बसली कुठे?

मागच्या नोंदीत रडगाणं गायलो होतो की सोळा थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) लावले तरी आठ जीबीच्या अ‍ॅरेची बेरीज करणारा माझा प्रोग्राम आठ थ्रेडपेक्षा फारसा पळत नाही. गुन्हेगार सापडला. मीच.

मशीन तेच, भंगाराच्या भावात घेतलेला दोन सॉकेटचा सर्व्हर: झिऑन ई५-२६७० ची जोडी, हायपरथ्रेडिंग बंद, म्हणजे ८ + ८ कोर, प्रत्येक नोडला, म्हणजे एक सॉकेट आणि त्याची स्वतःची मेमरी या जोडीला, १६ जीबी. आपल्या नोडची मेमरी जवळची, दुसऱ्याची लांबची आणि सावकाश; यालाच नुमा म्हणतात.

'नुमास्टॅट -पी' ने प्रोसेसची एकूण मेमरी नोडनुसार कळते, पण कुठला अ‍ॅरे कुठे पडलाय ते नाही. त्यासाठी थेट कर्नलची '/प्रोक/पीआयडी/नुमा_मॅप्स' ही फाइल उघडली. प्रत्येक मॅपिंगची, म्हणजे प्रोसेसने घेतलेल्या मेमरीच्या सलग पट्ट्याची, एक ओळ. मॅलॉकने (मेमरी मागणारं फंक्शन) ८ जीबी घेतल्या घेतल्या प्रोग्राम थांबवून पाहिलं, तर अ‍ॅरेच्या ओळीत फक्त 'एन०=१', म्हणजे नोड ० वर एक पान (४ केबीचा मेमरीचा तुकडा). अख्ख्या आठ जीबीत एकच पान! तेही मॅलॉकने स्वतःचं १६ बाइटचं हेडर लिहिलं म्हणून. पान मिळतं ते पहिल्यांदा लिहिताना, आणि एरवी लिहिणारा थ्रेड ज्या नोडवर असेल तिथलंच.

आणि मी सगळा अ‍ॅरे मुख्य थ्रेडमधून शून्य करत होतो. पुढची ओळ: 'एन०=२०९७१५३'. 'एन१' चा पत्ताच नाही. दुसऱ्या सॉकेटचे आठही कोर प्रत्येक घोट शेजाऱ्याच्या विहिरीवरून आणत होते.

उपाय दोन ओळींचा. शून्य करायच्या लूपलाही ओपनएमपी (लूपचं काम थ्रेडमध्ये वाटणारी सोय) लावलं, बेरजेसारखंच स्टॅटिक वाटप, म्हणजे कुठल्या थ्रेडला कुठला तुकडा हे आधीच ठरलेलं, आणि थ्रेड कोरला बांधले. आता 'एन०=१०४८५७६ एन१=१०४८५७७'. बेरजेचा वेळ जवळपास निम्म्यावर आला, पण माझा अर्धा तास गेला त्या एका जास्तीच्या पानावर. हेडरमुळे सगळा डेटा १६ बाइट पुढे सरकतो, म्हणून शेवटचे १६ बाइट नव्या पानावर सांडतात, आणि ते पान अर्थातच शेवटच्या थ्रेडच्या नोडवर.

करून बघणार असाल तर आधी 'नुमा_बॅलन्सिंग' मध्ये ० लिहा. पहिल्या दिवशी मी विसरलो होतो. कर्नल मागच्या मागे पानं हलवत होता आणि 'कॅट'ने ती फाइल दोनदा वाचली की दोन वेगळे आकडे. मोठी पानंही, म्हणजे टीएचपी, बंद ठेवा, नाहीतर ते 'एन०=१' कदाचित दिसणारच नाही.

पुढे हॅश टेबल. तिथे कुठला थ्रेड कुठे हात घालेल याचा नेम नाही, तेव्हा 'इंटरलीव्ह=ऑल' (पानं सगळ्या नोडवर आळीपाळीने) लावून बघतो.