बॉक्स क्रमांक दोन: मी जवळ गेलो की शटर पडतं, उठून आलो की नाही

सापडलं! ठराविक वेळाने आपोआप कॅमेऱ्याचं शटर दाबणारा माझा बॉक्स दोन फोटो का चुकवतो, ते चार रात्री आणि दोन ऑप्टोकपलर (प्रकाशाने चालणारे छोटे इलेक्ट्रॉनिक स्विच) खर्ची घालून एकदाचं सापडलं. कारण ऐकून हसाल, म्हणून आधी वनवास ऐका.

मागच्या नोंदीत बॉक्स दोन टेबलावर झकास चालत होता. तेच सामान: नॅनो (आर्डुइनोचा छोटा बोर्ड), दोन पीसी ८१७ ऑप्टोकपलर (एक फोकस लाइनला, एक शटर लाइनला) आणि २.५ मिमीचा स्टिरिओ जॅक. जॅकचं टोक म्हणजे टिप शटर, मधलं कडं म्हणजे रिंग फोकस, मागचा भाग म्हणजे स्लीव्ह ग्राउंड. दर ५ सेकंदांनी एक असे १०० फोटो काढले, एकही चुकला नाही. त्या आनंदात मी ‘आता फक्त ब्रह्मकमळाची वाट’ असं लिहूनही टाकलं होतं. लिहायला नको होतं.

कळी फुगली, रात्री ८ ला बॉक्स लावला. दर २ मिनिटांनी एक फ्रेम, ४ तास, म्हणजे १२० फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेमच्या गतीने बरोबर ५ सेकंदांची फिल्म. सकाळी फूल मान टाकून बसलेलं आणि कार्डावर फोटो ९.

पहिला संशय अर्थातच ऑटोफोकसवर. अंधारात लेन्स शोधत बसते, फोकस मिळाल्याशिवाय शटर सोडत नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकाने भोगलंय. पण लेन्स मॅन्युअलवरच होती, वर टेपही लावलेली. मिरर लॉकअप मात्र चालू राहिलं होतं! माझ्या कॅमेऱ्यात त्या सेटिंगवर पहिल्या दाबाला आरसा वर जातो आणि फोटो दुसऱ्या दाबाला निघतो. मधे ३० सेकंद गेले तर आरसा गुपचूप खाली. सापडला चोर, असं म्हणून ते बंद केलं, समोर एक बाटली ठेवली, रात्रभर बॉक्स लावला. फोटो ४. आदल्या दिवशीचे ९ लॉकअप चालू असताना कसे निघाले, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. (मी चाचपडताना बटण दोनदा दाबत होतो, म्हणून.)

मग केबल. बॉक्सवरचं टेस्ट बटण एकदा दाबलं की काही नाही, लगेच पुन्हा दाबलं की खट्ट. हे लक्षण वाचून तुम्हीही लूज कनेक्शनच म्हणाल. मीही म्हणालो. मल्टिमीटर बीपवर लावून केबल वाकवली, पिळली, जॅकच्या मुळाशी दुमडली. बीप अखंड. या मीटरची बीप तशी आळशी आहे, क्षणभराचा तुटकपणा ती पकडत नाही, म्हणून तरीही जॅक कापला आणि नवा लावला.

इथे एक छोटा विजय नोंदवतो. २.५ मिमीच्या जॅकला सोल्डर करताना आतलं प्लास्टिक वितळतं आणि टिप तिरकी होते, हे माझं दर वेळचं रडगाणं. या वेळी जॅक आधी एका जुन्या सॉकेटमध्ये खुपसला आणि मग सोल्डरिंग आयर्न टेकवलं. सॉकेटने सगळे भाग जागच्या जागी धरून ठेवले, शिवाय उष्णताही ओढून घेतली. पहिल्याच प्रयत्नात सरळ जॅक! गेल्या वर्षी चुकून मोनो प्लग लावून रिंग आणि ग्राउंड एक केले होते आणि कॅमेरा दिवसभर हाफ-प्रेसमध्ये, म्हणजे बटण अर्धं दाबल्यासारखा, अडकला होता. त्या मानाने ही प्रगतीच.

तयार रिमोटच्या केबली कापून वापरू नका, हे जाता जाता पुन्हा सांगतो. आतल्या तारा केसासारख्या, त्यात कित्येकदा धागा गुंफलेला. सोल्डर धरत नाही आणि धरलं तरी पहिल्या झटक्यात तुटतं. जुन्या हेडफोनच्या वायरीचंही तेच. मऊ, बारीक तांब्याच्या तारांची तीन पदरी केबल घ्या आणि जॅकच्या मागे श्रिंक ट्यूबचे (उष्णतेने आवळणाऱ्या नळीचे) दोन थर चढवा.

तर, नवा जॅक. रोग तोच.

तिसऱ्या रात्री ऑप्टोकपलर बदलले. एक बदलताना उलटा बसवला, तो गृहीतच धरा. टिप आणि स्लीव्ह साध्या तारेने जोडली की शटर पडायचं, म्हणजे कॅमेरा निर्दोष. बॉक्सच्या आऊटपुटवर मीटर धरला की दर वेळी ऑप्टोकपलरमधला ट्रान्झिस्टर चालू होताना दिसायचा, म्हणजे बॉक्सही निर्दोष. दोघे वेगवेगळे शहाणे, एकत्र बसवले की भांडण.

उत्तर सापडलं ते सोल्डरिंग टेबलावर नाही, फोटोंच्या वेळा बघताना. त्या पहिल्या ९ फोटोंच्या वेळा वहीत उतरवल्या. ८:०० चा पहिला, मग एकदम ८:२६, ८:२८, पुन्हा मोठा खंड. शेजारी मी त्या रात्री किती वाजता उठून बघायला गेलो ते आठवेल तसं लिहिलं. दोन्ही रकाने जवळपास सारखे! म्हणजे मी जाऊन कॅमेऱ्याला हात लावला की त्यानंतरचा एखादा फोटो निघायचा. पाठ फिरवली की बंद.

कॅमेरा झोपत होता, मंडळी. ऑटो पॉवर ऑफ १ मिनिटावर आणि माझा इंटरव्हल, म्हणजे दोन फोटोंमधला वेळ, २ मिनिटांचा. टेबलावर ५ सेकंदांच्या इंटरव्हलला त्याला डोळा लागायला वेळच मिळत नव्हता. माझ्या कोडमध्ये फोकस लाइन २०० मिलीसेकंद, मग शटर १०० मिलीसेकंद. फोकसच्या पल्सने (क्षणभराच्या विद्युत इशाऱ्याने) कॅमेरा जागा व्हायचा, पण तो डोळे चोळेपर्यंत शटरचा पल्स येऊन गेलेला असायचा. मग मिनिटभर जागा राहून पुन्हा गुडुप. टेस्ट बटणाचा दुसरा दाब चालायचा तोही त्यामुळेच.

मग मोजत बसलो. एकेका प्रयत्नाआधी त्याला झोपू द्यायचं, म्हणजे अंगाई म्हणत बसल्यासारखंच. फोकस २०० मिलीसेकंदांवर १० पैकी ०. ४०० वर ६. ७०० वर १०. आता १५०० ठेवलंय आणि शटरचा पल्स संपेपर्यंत फोकस लाइन सोडत नाही, बोटाने दाबताना होतं तसं. काल रात्री बाटलीचे १२० पैकी १२० फोटो. बाटलीची इतकी कंटाळवाणी फिल्म मी तीनदा पाहिली.

ऑटो पॉवर ऑफच बंद कर, असं कुणीतरी म्हणणारच. २ मिनिटांच्या इंटरव्हलला चालेलही. पण पुढे मला १५ मिनिटांच्या इंटरव्हलने दोन दिवस एका फांदीवर कॅमेरा लावायचाय आणि तेव्हा ही झोप म्हणजेच बॅटरी. त्याला झोपू द्यायचं आणि नीट उठवायचं, हेच मला पटतं.

यानंतर बॉक्सला वायरलेस जोडायचं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, ते राहू दे. माझी खरी अडचण ही की बॉक्स आंधळा आहे. पल्स सोडतो आणि फोटो निघाला असं गृहीत धरतो. शटर पूर्ण उघडलं की हॉट शूचा (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेचा) मधला संपर्क ग्राउंडला जोडला जातो, फ्लॅश त्यावरच तर उडतो. ती तार नॅनोच्या एका पिनला पुल-अप (एरवी पिन ‘हाय’ ठेवणारा रेझिस्टर) लावून दिली तर बॉक्सला कळेल की फोटो निघाला. दोन सेकंदांत खूण आली नाही तर पुन्हा दाब, तीनदा चुकलं तर लाल दिवा. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर बऱ्याच कॅमेऱ्यांत ही खूण येतच नाही, पण माझा जुना आरसेवाला आहे, खटाखट वाजतो.

मेलेल्या फ्लॅशचा पाय, म्हणजे हॉट शूमध्ये बसणारा भाग, ड्रॉवरमध्ये पडून होता, तो आत्ताच शोधून काढला. झाडावर दुसरी कळी आहे, अजून बोटाएवढीच. तिच्या आधी पिन जोडून झाली पाहिजे.