खड्डे भरायचेत, पण चेहरा काळवंडायला नको

पिंपल्सनी गालावर सोडलेले खड्डे घालवायला लेझरच्या पॅकेजचे पैसे भरण्याआधी घरी एक उद्योग करा. रात्री खोलीतला दिवा बंद करून आरशासमोर उभं राहा आणि मोबाइलचा टॉर्च कानाकडून गालावर आडवा पाडा. सावली पडली तर तो खड्डा. सावली नाही, नुसताच तपकिरी ठिपका दिसतोय, तर तो डाग. दोन्हींचे उपचार वेगळे, आणि कितीतरी जण डागांसाठी खड्ड्यांच्या उपचाराचे पैसे मोजतात.

आता दोन बोटांनी कातडी हलकीशी ताणा. ताणल्यावर सपाट होणारे रुंद, लाटांसारखे खड्डे आतून तंतूंनी खाली ओढलेले असतात. ताणूनही तसेच राहणारे, सुईने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे म्हणजे आइसपिक. कडा सरळ, तळ सपाट असेल तर बॉक्सकार. बहुतेक गालांवर तिन्हींची मिसळ असते, त्यामुळे एकाच मशीनने सगळं जाईल असं कुणी सांगितलं तर जरा सावध व्हा.

गव्हाळ-सावळ्या त्वचेचं वेगळेपण काय? रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या माणसाइतक्याच असतात, पण त्या जास्त जोमात काम करतात. चटका, घासणं, सूज, काहीही निमित्त झालं की त्या रंग ओततात. त्वचेच्या रंगाच्या फिट्झपॅट्रिकने केलेल्या सहा प्रकारांत आपल्याकडचे बरेचसे चेहरे चौथ्या-पाचव्यात बसतात. म्हणून आपल्यासाठी हिशोब सोपा: जितकी उष्णता कमी आणि दोन सिटिंगमधलं अंतर जितकं पुरेसं, तितकं काळवंडणं कमी.

नुसते डाग असतील तर सनस्क्रीन, रात्री अ‍ॅडापलीन ०.१ टक्के किंवा अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड १५ ते २० टक्के (दोन्ही लावायची मलमं), आणि काही महिन्यांचा धीर. अ‍ॅडापलीन मटारच्या दाण्याएवढं पूर्ण चेहऱ्याला पुरतं. सुरुवातीला एक दिवसाआड लावा, कारण त्याने सोललेली त्वचाही काळी पडते. गरोदरपणात ते लावायचं नाही. मेडिकलवाल्याकडून 'गोरं करणारं' तीन औषधांचं क्रीम मात्र आणू नका. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आठवडाभर चेहरा चकाकतो, पुढे कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात आणि क्रीम सोडलं की पिंपल्स दुप्पट येतात. लिंबू चोळून उन्हात गेलात तर भाजल्यासारखा काळा पट्टा उमटतो, तोही महिनोन्‌महिने जात नाही.

आता खड्डे. त्याआधी नवे पिंपल्स थांबलेले हवेत, नाहीतर एक भरेपर्यंत दुसरा तयार.

आइसपिकसाठी टीसीए क्रॉस. टोकदार काडीने तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड फक्त खड्ड्याच्या तळाशी टेकवतात. काही सेकंदांत तिथे पांढरा ठिपका उमटतो, नंतर खपली धरते आणि साधारण आठवड्याने पडते. अ‍ॅसिड कडेवर ओघळलं तर खड्डा रुंदावतो आणि भोवती काळं कडं उमटतं. त्यामुळे सावळ्या त्वचेवर काही डॉक्टर १०० टक्क्यांऐवजी कमी तीव्रता घेतात. सिटिंग एकदोन वाढतात, पण ते परवडतं. खपली नखाने काढायची नाही. ही बाटली ऑनलाइन मागवून घरी प्रयोग करणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

लाटांसारख्या खड्ड्यांना सबसिजन. जागा बधिर करून सुई किंवा कॅन्युला (बोथट टोकाची बारीक नळी) कातडीखाली घालतात आणि खाली ओढणारे तंतू तोडतात. उष्णता शून्य, म्हणून आपल्या रंगाला हे मानवतं. आठवडा-दोन आठवडे निळं-हिरवं दिसतं, तेव्हा साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात करू नका. हे आधी, मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) नंतर. तंतू तसेच ठेवून वरून कितीही टोचलं तरी गाल खालीच ओढलेला राहतो.

उथळ बॉक्सकार आणि उरलेल्या खडबडीतपणासाठी मायक्रोनीडलिंग. बधिर करणारं क्रीम ४५ ते ६० मिनिटं, गालावर साधारण दीड ते अडीच मिलिमीटर खोली, रक्ताचे बारीक ठिपके दिसले की थांबायचं. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा वेळा. नवं कोलॅजन, म्हणजे त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन, सावकाश तयार होतं, त्यामुळे दुसऱ्या सिटिंगनंतर 'काहीच फरक नाही' म्हणून मशीन बदलण्यात अर्थ नाही. घरच्या अर्ध्या मिलिमीटरच्या रोलरच्या सुया तिथवर पोचतच नाहीत, आणि बोथट झाल्या की रेघा ओढतात. खोल, सरळ कडांचा एखादाच खड्डा असेल तर पंच नावाच्या गोल पात्याने तो कापून काढून वर टाके घालणं जास्त सरळ.

फ्रॅक्शनल सीओटू लेझर (कातडीवर बारीक ठिपक्यांत उष्णता सोडणारं) वाईट नाही, पण आपल्या त्वचेवर काळवंडण्याचा धोका त्यातच जास्त. घ्यायचंच तर ठिपक्यांची घनता कमी ठेवायला सांगा, आधी कानाजवळ एक टेस्ट पॅच घ्या आणि चार-सहा आठवडे थांबून बघा. इन्सुलेटेड (टोक सोडून आवरण असलेल्या) सुयांचं रेडिओफ्रिक्वेन्सी उष्णता आतल्या थरात सोडतं, वरची कातडी बरीचशी वाचते, म्हणून तो पर्याय विचारा. छातीवर किंवा जबड्याच्या कडेला जाड, उचललेले वण उठत असतील तर सुई-लेझर दोन्हींआधी डॉक्टरांना सांगा. ओठांवर नागीण (हर्पिसचे फोड) उठत असेल तर तेही. तिचं औषध लेझरआधीच सुरू करतात. पिंपल्ससाठी आइसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर तेही लपवू नका.

पुण्यात वेळ निवडताना ऊन बघा. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी गाडीवर फिरायचं असेल तर लेझर नकोच. लग्न तुळशीच्या लग्नानंतर असेल तर एप्रिलमध्येच सनस्क्रीन आणि क्रीम सुरू करा, सबसिजन जूनच्या आसपास. सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन तासांनी पुन्हा. आयर्न ऑक्साइडचं टिंटेड (त्वचेच्या रंगाची छटा असलेलं) असेल तर उत्तम, कारण डोळ्यांना दिसणारा प्रकाशही आपला रंग वाढवतो. ढगाळ दिवशी सुट्टी नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीच्या काचेतूनही यूव्हीए (उन्हातली अतिनील किरणं) आत येतं. आणि आपला स्कार्फ! उन्हासाठी तो छानच, पण सुई किंवा पीलनंतर (पील म्हणजे औषधाने वरची कातडी सोलणं) पहिले चार-पाच दिवस घट्ट आवळलेला, घामेजलेला स्कार्फ आणि हेल्मेटचा पट्टा तेच गाल घासत राहतात. सुती, रोज धुतलेला, सैल बांधा. जमलं तर ते दिवस रिक्षाने जा.

डॉक्टर निवडताना त्वचारोगाची एमडी, डीएनबी किंवा डिप्लोमा आहे का, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, हे विचारायला संकोच नको. सावळ्या गालांचे आधी-नंतरचे फोटो मागा. आणि सहा सिटिंगचे पैसे एकदम भरू नका.

तरीही एखाद्या सिटिंगनंतर गाल काळवंडलाच तर पुढची सिटिंग थांबवा. खपल्या आणि लाली पूर्ण जाईपर्यंत फक्त साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, मग डॉक्टरांना विचारून अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिड. 'पॅकेज संपतंय' म्हणून त्याच काळ्या जागेवर पुन्हा लेझर मारून घेऊ नका.