दुसऱ्या भागाचं कुलूप

किशोरांसाठीच्या अद्भुत कादंबरीचा पहिला भाग तसा सोपा. एक भलंमोठं ग्रंथालय, आत जायला बंदी, दारावर पहारेकरी आणि कुणाचंही न ऐकणारी चौदा वर्षांची पोरगी. शेवटच्या पानावर दार उघडतं. पंचाईत होते ती दुसऱ्या भागात. पोरगी आत पोचलीय, पुस्तकं समोर आहेत. आता तिला अडवणार कोण? घाईतला लेखक मग आणखी उंच मनोरा उभा करतो, पहारेकरी दुप्पट करतो, वर एखादा ड्रॅगन सोडतो. वाचणारी पोरं काही दुधखुळी नसतात. शिळ्या कढीला ऊत आणलाय, हे त्यांना दुसऱ्या प्रकरणातच कळतं.

दुसऱ्या भागात दाखवायचा असतो बंदीचा रोजचा कारभार. यादी कोण करतं, नक्कल कोण उतरवतं, पैसे कोण घेतं. इतिहासात असा माल भरपूर आहे. अलेक्झांड्रियाच्या बंदरात जहाजांवरची पुस्तकं काढून घेत, त्यांची नक्कल करत, आणि मालकाला परत देत ती नक्कल. मूळ प्रत ग्रंथालयात, असं गेलेन या वैद्यानं लिहून ठेवलंय. इंग्लंडात हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये साखळीनं बांधलेली पुस्तकं आजही आहेत. साखळी पुठ्ठ्याच्या पुढच्या कडेला अडकवलेली, म्हणून पुस्तकाची पाठ आत आणि पानांची कड बाहेर. पुस्तक काढताना फिरवावं लागत नाही, साखळीचा गुंता होत नाही. रोमच्या चर्चनं निषिद्ध ग्रंथांची यादी 1559 साली काढली आणि ती 1966 पर्यंत चालवली. चारशे वर्षं यादी राखायची म्हणजे ती पुस्तकं कुणीतरी वाचायला हवीत. बंदी घालणाराच सगळ्यात जास्त वाचतो, हे पात्र मला फार आवडतं.

पण सोलापूरच्या पोराला इतकं लांब न्यायची गरज काय? इकडे जुन्या घरांत माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडीतले कागद निघतात. ट्रंकेला कुलूप नसतं, राखणदार नसतो, बंदी तर नाहीच. कागद घरचाच, भाषा मराठीच, आणि घरातल्या एकालाही वाचता येत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालणारी ही लिपी दोन-तीन पिढ्यांत घराबाहेर गेली. अशी बंदी कुठल्या जादूगाराला जमेल?

मोडी कशी अडवते, ते लेखकानं नीट पाहावं. लिहिणारा आधी बोरूनं आडवी रेघ पानभर ओढतो, मग अक्षरं तिला लटकवत जातो, हात शक्यतो न उचलता. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बहुधा पाळलेला नाही. त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी वाक्य हाती लागत नाही. शब्द कुठे तोडायचा हे आशय माहीत असल्याशिवाय ठरत नाही, आणि आशय तर वाचूनच कळणार. शिकणारा नेमका इथे थकतो.

त्याच्या पुढे तारीख. पेशवाईतल्या कागदावर वर्ष अरबी शब्दांत येतं, एककापासून सुरू होऊन. ‘अर्बा सबैन मया व अल्लफ’ म्हणजे चार, सत्तर, शंभर आणि हजार : शुहूर सन 1174. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मिळवणी चुकली की कागद वर्षभर पुढे-मागे सरकतो, आणि वतनाच्या भांडणात तेवढं पुरतं. उदाहरणातल्या सनात ऑगस्ट आला की साल निघतं 1773, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून. ‘ध’चा ‘मा’ ही आख्यायिकाच म्हणायची, पण कादंबरीकाराला तिच्यात फुकटचा धडा आहे: कागद दडवायची गरजच नाही, एक अक्षर बदललं की काम झालं.

म्हणून नायिकेला मुळाक्षरं पंधरवड्यात येऊ द्यावीत. तिला वाटू द्यावं, की झालं. मग तिनं तारीख चुकीची लावावी, चुकीच्या माणसाला चोर ठरवावं, आणि तेही भर चावडीत. ड्रॅगनपेक्षा हे बरं.

दुसरं कुलूप सोलापूर शहराच्या पूर्व भागात सापडेल. विणकरांच्या अनेक घरांत बोलणं तेलुगू, शाळा मराठी. आजीची गोष्ट कानाला कळते, तीच छापून समोर ठेवली तर नातवाला अक्षर लागत नाही. नायिकेला असा एक मित्र द्यावा. त्याला ऐकून कळतं, हिला पाहून कळतं, आणि दोघं मिळून एक पान वाचतात. त्यात कोण कुणाला काय सांगायचं टाळतो, यावर दोन प्रकरणं सहज निघतील.

ग्रंथालयाचं दृश्य हवंच असेल तर दाखल नोंदवही विसरू नये. प्रत्येक प्रतीला तिच्यात आपला क्रमांक असतो. पुस्तक चोरायची किंवा जाळायची खटपट कशाला? भलत्या फळीवर ठेवलं की पुरे. वहीत ते हजर, कपाटात गैरहजर, आणि कुणावर आळ नाही.

आता राहिली नायिका. वाचता येणारी गावात ती एकटीच उरली, की लोक तिच्या दारात कागद घेऊन रांग लावणार. ती आधी फुकट वाचेल, मग शेंगाचटणीची पुडी घेईल, मग पैसे. पुढे कुणी शिकव म्हटलं तर तिला वेळ नसेल. हे प्रकरण दुसऱ्या भागाच्या मध्याआधी यायला हवं. शेवटी ठेवलं तर वाचकाला नुसता धक्का बसतो. तिच्यावर चिडायला त्याला शंभरेक पानं तरी मिळायला हवीत.