ख्रिसमस बेटावर जायचंय? आधी तिथी बघा

ख्रिसमस बेट ऑस्ट्रेलियाचं, पण जावापासून जेमतेम साडेतीनशे किलोमीटरवर आणि पर्थपासून तब्बल २६०० किलोमीटरवर. म्हणजे आपण ऑस्ट्रेलियाचा व्हिसा काढायचा, पर्थ गाठायचं आणि तिथून पुन्हा वायव्येला उलटं उडायचं. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? आम्ही केला तो लाल खेकड्यांसाठी.

हे खेकडे वर्षभर जंगलातल्या बिळांत असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस धरला की कोट्यवधी खेकडे समुद्राकडे निघतात. नर आधी पोचून किनाऱ्यालगत बिळं खणतात, माद्या मागून येतात. मीलन झालं की नर परत फिरतात आणि माद्या जवळजवळ दोन आठवडे अंडी पोटाशी धरून बिळात बसतात. अंडी सोडायची वेळ मात्र ठरलेली: वद्य अष्टमीच्या आसपास, पहाटेच्या अंधारात, भरती ओसरायला लागली की. तेव्हा भांगाचं पाणी असतं. भरती-ओहोटीतला फरक कमी असल्याने माद्यांना पाण्याच्या कडेला उतरणं त्यातल्या त्यात सोपं जातं.

म्हणून तिकिटं काढण्याआधी पंचांग उघडा. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या काळातल्या वद्य अष्टम्यांवर खूण करा आणि त्यातली एक मधोमध येईल अशी सुट्टी घ्या. कोणती, हे पाऊस ठरवतो. तो उशिरा आला तर खेकडे घाईने उतरतात, फारच लांबला तर पुढच्या महिन्यावर ढकलतात. राष्ट्रीय उद्यानाचे लोक संभाव्य तारखा जाहीर करतात. त्या बघा, पण तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, थोडं महाग पडलं तरी.

पहाटे किनाऱ्यावर गेलो तेव्हा खडक दिसतच नव्हता, नुसते लाल खेकडे. एक मादी अगदी कडेला आली, नांग्या वर केल्या आणि अंगात आल्यासारखी थरथरली. पोटाखालचा काळपट लगदा पाण्यात सुटला. एकेक मादी लाखभर अंडी सोडते. टॉर्च शक्यतो मंद ठेवा आणि पाय उचलण्याआधी खाली बघा.

खेकडे चालत असताना बरेच रस्ते बंद ठेवतात. मुक्काम गावात, चालत समुद्र गाठता येईल असा घ्या. इतर वेळी भाड्याची फोर-व्हील-ड्राइव्ह लागतेच, कारण पाहण्यासारख्या बहुतेक जागांचे रस्ते कच्चे आहेत. गाडीत दाताळं ठेवा. वाटेतले खेकडे त्याने हळूच बाजूला सारायचे असतात.

स्थलांतर हुकलं तरी फेरी वाया जात नाही. अ‍ॅबट्स बूबी हा समुद्रपक्षी साऱ्या जगात फक्त इथल्या उंच झाडांवर घरटी करतो. डेल्स भागात बारमाही झरे आणि निळे खेकडे आहेत. मला तर तिथलं जंगलच जास्त आवडलं. लाल खेकडे पाचोळा आणि रोपं खाऊन टाकतात, त्यामुळे झाडांखाली झाडून घेतल्यासारखी जमीन. बाहेरून आलेल्या यलो क्रेझी मुंग्यांनी जिथे आम्लाचे फवारे मारून खेकडे संपवले, तिथे रान माजलं. या मुंग्या खवलेकिडींच्या गोड स्रावावर पोसल्या जातात, म्हणून २०१६ मध्ये त्या किडींवर जगणारी सूक्ष्म गांधीलमाशी इथे सोडण्यात आली. उद्यानाच्या माणसाला हा विषय विचाराच, तासभर कसा जातो कळत नाही.

आता किरकोळ. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान न उतरताच परत फिरू शकतं, म्हणून परतीचं पुढचं विमान त्याच दिवशीचं नको. समुद्र खवळला तर मालाचं जहाजही अडतं. भाजी-फळं विमानाने येतात, भाव तसेच असतात. कोरडा शिधा बरोबर न्यायचा तर ऑस्ट्रेलियात काय चालतं ते आधी तपासा. गावाबाहेर फोनवर विसंबू नका, नकाशा उतरवून ठेवा. बुटांच्या तळव्यांची माती धुऊनच निघा.

आणि बूट रात्री दाराबाहेर ठेवू नका. रॉबर क्रॅब, म्हणजे चार किलोपर्यंत वाढणारा नारळखेकडा, सापडेल ते ओढून नेतो. त्याला कायद्याचं संरक्षण आहे, तुमच्या बुटाला नाही.