माझा अनुभव : ८१-ब ची नोटीस ते नवा करारनामा

महापालिकेच्या व्यापारी संकुलात माझा गाळा आहे आणि संघटनेच्या फायलीही माझ्याकडेच असतात. त्यामुळे करार संपलेल्या गाळ्यांचं पुढे काय होतं ते कागदोपत्री बघायला मिळालं. इथे लिहितोय ते मुंबईबाहेरच्या महापालिकांबद्दल. तिथे गाळा रिकामा करण्याची नोटीस महापालिका अधिनियम १९४९ च्या कलम ८१-ब खाली येते. मुंबईला १८८८ चा वेगळा कायदा लागू आहे. तिथे अशी नोटीस कलम १०५-ब ची येते आणि अपील नगर दिवाणी न्यायालयात जातं.

आधी आपण कोणत्या कागदावर उभे आहोत ते ठरवा. करारनाम्याने दिलेला गाळा, मंडईतला परवान्याचा ओटा आणि मंडईबाहेर पदपथावरची जागा ही तीन वेगळी प्रकरणं आहेत. पदपथावरच्या विक्रेत्याला २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस, उचललेला नाशवंत माल त्याच दिवशी परत आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत. गाळेधारकाने त्या कायद्याची कलमं उत्तरात घालू नयेत, सुनावणीत हसं होतं. ओटेवाल्याच्या हातात बहुतेकदा रोजच्या बाजार फीच्या चिठ्ठ्या असतात. त्या जपाव्यात, ताबा किती जुना ते त्यावरून दाखवता येतं. पण त्यांनी भाडेपट्टा सिद्ध होत नाही.

दुसरा गैरसमज याहून महागात पडतो. ‘तीस वर्षं भाडं भरतोय, भाडेकरू कायदा आहे की’, असं निम्मे लोक म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम ३ वाचा. स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीच्या जागेला तो कायदाच लागू नाही. म्हणजे संरक्षण आहे ते महापालिका अधिनियम १९४९ मध्येच, आणि तेही बहुतांशी कार्यपद्धतीचं.

कलम ८१-ब खाली आयुक्तांना गाळा रिकामा करून घेता येतो. कारणं ठरलेली आहेत : दोन महिन्यांहून जास्त थकबाकी, पोटभाडेकरू, अटींचा भंग, अनधिकृत ताबा किंवा जागेची सार्वजनिक गरज. करार संपला की तुम्ही ‘अनधिकृत ताबा’ या खान्यात जाता. थकीत भाडं किंवा नुकसानभरपाईची वसुली ८१-क खाली होते. नोटीस हातात आली की यातलं नेमकं कोणतं कारण लिहिलंय त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. उत्तर तेवढ्यालाच द्यायचं. नोटीस नाकारू नका. नाकारली की शटरवर चिकटवून पंचनामा होतो आणि बजावणी पूर्ण धरली जाते. वडिलांच्या नावाने आली आणि वडील हयात नसतील तर ‘मयत’ म्हणून परत पाठवण्याची चूक आमच्याकडे चौघांनी केली. त्यांचं म्हणणं न ऐकताच आदेश झाला. वारस म्हणून घ्यायची, पोच देताना तसं लिहायचं आणि वारस नोंदीचा अर्ज सोबत जोडायचा. पुढे वारसांत एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र मागतात. त्याला महिने जातात, म्हणून ते काम नोटिशीची वाट न बघता आधीच सुरू करावं.

उत्तराला मुदत थोडी असते. त्याच दिवशी दोन अर्ज टाका. एक, गाळ्याची फाइल बघण्यासाठी आणि उत्तराला मुदतवाढीसाठी. दुसरा माहिती अधिकाराचा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून. त्यात मागायचं ते असं : मूळ वाटपपत्र, मागणी-वसुली नोंदवहीचा उतारा, महासभेचा ठराव, भाडं ठरवणाऱ्या समितीचं इतिवृत्त आणि नोटिशीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याला आयुक्तांनी अधिकार दिल्याचा आदेश. शेवटचा कागद लोक विसरतात. सही उपायुक्तांची असेल आणि अधिकार प्रदान केल्याचा आदेश फायलीत नसेल, तर अपिलात तो मुद्दा वजनदार ठरतो.

पावत्यांकडे बारकाईने बघा. करार संपल्यानंतरच्या आमच्या पावत्यांवर छापील ‘भाडे’ शब्दावर निळ्या पेनाने आडवी रेघ होती आणि वर बारीक अक्षरात ‘नु.भ.’ लिहिलेलं. नुकसानभरपाई. पैसे तेच, पण उद्या ‘भाडं स्वीकारलं म्हणजे करार पुढे चालू झाला’ असं म्हणायला गेलात तर ती रेघ पुढे केली जाते. तसंही नुसतं भाडं स्वीकारल्याने नवा करार जन्माला येतो असं न्यायालयं सहसा मानत नाहीत. तरी भरणं थांबवू नका. खिडकीवर घेत नसतील तर डिमांड ड्राफ्ट आणि ‘हक्क अबाधित राखून’ असं पत्र, दोन्ही आवक विभागात द्या. पोचेवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवाच.

आता रकमेचं. भांडणाचं मूळ इथेच आहे. २०१९ च्या नियमांनी गाळ्यांचं भाडं बाजारमूल्याच्या ८ टक्क्यांवर नेलं आणि राज्यभर ओरड झाली. २०२३ च्या सुधारणेत व्यापारी वापरासाठी किमान दर ०.७ टक्के झाला. फरक किती पडतो ते मांडून दाखवतो. गाळा १२० चौरस फूट, म्हणजे ११.१५ चौरस मीटर. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारी बाजारमूल्याच्या तक्त्यातला, दुकानाचा दर समजा चौरस मीटरला ६०,००० रुपये. मूल्य झालं ६,६९,००० रुपये. ८ टक्क्यांनी वर्षाला ५३,५२० म्हणजे महिना ४,४६०. ०.७ टक्क्याने वर्षाला ४,६८३, महिना साधारण ३९०. मात्र ०.७ हा तळ आहे, कमाल नव्हे. समिती त्याच्या वर जाऊ शकते, म्हणून इतिवृत्त मागायचं.

बिलात चुका सापडतात त्या तीन ठिकाणी. मोजणी शटरच्या बाहेरून केलेली असते आणि पुढचा कट्टा धरलेला असतो. पोटमाळा तळमजल्याच्या दराने लावलेला असतो. किंवा मागच्या वर्षांच्या थकबाकीला या वर्षीचा रेडीरेकनर लावलेला असतो. कनिष्ठ अभियंता टेप घेऊन आला की समोर उभं राहा आणि आकडे त्याच्या मोजणीपत्रकावर लिहिल्याशिवाय सही करू नका. दंड वेगळ्या रकान्यात लिहून मागा आणि तो कोणत्या ठरावाने लावला ते विचारा. जळगावात पाचपट दंडाच्या ठरावावरून गाळेधारक वर्षानुवर्षं भांडले, ते उगीच नाही.

सुनावणीत तोंडी बोलणं कमी, लेखी म्हणणं दोन प्रतींत. रोजनाम्यावर, म्हणजे सुनावणीत काय झालं त्या नोंदीवर, सही करण्याआधी तो वाचा. ‘गाळेधारकाने मुदत मागितली’ एवढंच लिहिलेलं असतं आणि तुम्ही दिलेल्या बावीस कागदांचा उल्लेख नसतो. कागदांची यादी रोजनाम्यात घ्यायला लावा.

विरोधात आदेश झाला की अपील कलम ८१-फ प्रमाणे जिल्हा न्यायाधीशांकडे, आदेश बजावल्यापासून महिन्याभरात. बहुतेक गाळे हातचे जातात ते इथे. त्या महिन्यात मोर्चा निघतो, नगरसेवकाकडे बैठक होते, ‘साहेबांनी थांबवायला सांगितलंय’ असा निरोप येतो. निरोपाने मुदत थांबत नाही. उशीर माफीचा अर्ज करता येतो, पण तोपर्यंत शटरला सील लागलेलं असतं. काही जण कनिष्ठ न्यायालयात मनाई हुकुमाचा दावा लावतात. तिथे महापालिकेचं कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असा अर्ज, आधीच पडलेलं असतं, शिवाय दाव्याआधी कलम ४८७ ची महिन्याची नोटीस दिली का हा प्रश्न येतो. दावा अडकतो आणि अपिलाचा महिना निघून जातो.

अपिलासोबत स्थगितीचा अर्ज त्याच दिवशी. वकील त्याला निशाणी ५ म्हणतात. स्थगिती मिळते ती बहुतेकदा थकबाकीतली काही रक्कम भरण्याच्या अटीवर, तेव्हा पैसे बाजूला ठेवूनच जा. वादग्रस्त आणि मान्य रक्कम वेगळी दाखवणारा तक्ता अर्जाला जोडलात तर न्यायाधीश मान्य रकमेपासून सुरुवात करतात. आमच्याकडे हा तक्ता एका पानात बसवला होता : महिना, मागणी, भरलेली रक्कम, पावती क्रमांक.

नियमित होण्याचा मार्ग अपील चालू असतानाही खुला असतो. नूतनीकरणाच्या अर्जाला मूळ करार, पावत्या, गुमास्ता परवाना, वीजबिल, मालमत्ता कराची पावती आणि वारसांची संमती जोडायची. गाळा दुसऱ्याने चालवायला घेतलेला असेल तर ते लपवू नका. गुमास्ता परवाना एकाच्या नावावर आणि वीजबिल दुसऱ्याच्या, एवढ्यावरूनच ते उघड होतं. हस्तांतरणाचं शुल्क भरून नावावर करून घेता येतं का, हे आधी विचारा. हमीपत्राचा छापील नमुना देतात. त्यात ‘अपील विनाशर्त मागे घेतो’ अशी ओळ असते. ती ओळ खोडून ‘करारनामा नोंदवल्यानंतर मागे घेईन’ असं लिहून आम्ही दिलं, आणि ते घेतलं गेलं.

एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीकृतच हवा. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला करार पुढच्या वादात फारसा उपयोगी पडत नाही. नोंदणी झाल्यावर इंडेक्स-२ ची (नोंदणी कार्यालयातल्या दस्ताच्या उताऱ्याची) प्रत घेऊन मालमत्ता विभागात जा आणि मागणी नोंदवहीत नवा दर आणि नवं नाव स्वतः बघून या. आमच्या ओळीतल्या सहा गाळ्यांना करार झाल्यानंतरही जुन्याच दराचं बिल आलं, कारण संगणकावरची नोंद कुणी बदललीच नव्हती.